‘महागडा चार्जर गळ्यात मारला’ या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार सर, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की रिचार्जेबल सेलचा महागडा चार्जर गळ्यात मारला, चार्जिंगला अख्खी रात्र जाते आणि सेलवर 1.2 व्होल्ट आहे म्हणजे माल डुप्लिकेट. वाचून खरंच लागलं हो.

गळ्यात मारला म्हणताय तर जरा आठवून बघा. आम्ही शटर ओढत होतो तेव्हा तुम्ही आलात, तरी लाईट परत लावून सगळं दाखवलं. पहिल्यांदा स्वस्तातलाच चार्जर काउंटरवर ठेवला होता. मग तुम्ही पिशवीतनं टॉर्च काढलीत, तिच्यात छोटे पेन्सिल सेल तीन. तो स्वस्तातला चार्जर जोडीनंच चार्ज करतो, दोन नाहीतर चार, तीन घातले की तिसरा तसाच राहतो. शिवाय जोडीतला एक अर्धा भरलेला नि एक पूर्ण उतरलेला असला तरी दोघांना सारखंच चार्जिंग, त्यात एक जास्त तापतो, दुसरा अर्धवट राहतो आणि असं सारखं झालं की सेल लवकर बाद होतात. तुम्हाला दिला त्यात चारही सेलचं चार्जिंग वेगवेगळं, जो भरला तेवढाच बंद होतो. तीन सेलच्या टॉर्चला दुसरं काय द्यायचं होतं सांगा? आणि पैसे एमआरपीपेक्षा कमीच घेतलेत, बिल तुमच्याकडं आहे. उकळायचेच असते तर भिंतीवरच्या घड्याळालाही रिचार्जेबल दिला असता, उलट मीच म्हणालो की घड्याळाला साधा सेल घाला, वर्षभर बघायला नको. हे मात्र रिव्ह्यूत कुठंच नाही.

1.2 चं म्हणाल तर हे निकेल मेटल हायड्राइडचे, म्हणजे रिचार्जेबल प्रकारातले सेल, कुठल्याही कंपनीचे घ्या 1.2च लिहिलेलं असतं. साधा सेल 1.5 ला सुरू होतो पण वापरेल तसा उतरत जातो, हा बराच वेळ 1.2 च्या आसपास टिकून राहतो. डुप्लिकेट ओळखायचा तर पेन्सिल सेलवर 4000-5000 एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा) छापलेला बघा, एवढ्याशा सेलमध्ये तेवढं बसतच नाही, तसला माल आमच्याकडं मिळणार नाही. सेल कमी तापावा म्हणून चार्जिंग हळू होतं, रात्री लावायचा सकाळी काढायचा.

सांगलीत 2019 च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, सगळा माल गेला, त्यातनं परत उभं केलंय आणि आता ऑनलाइनशी झगडतोय. असा एक रिव्ह्यू वाचून नवीन गिऱ्हाईक पायरीच चढत नाही, हे तुम्ही समजून घ्या.

चार्जर आणि सेल दोन्ही घेऊन या, तुमच्यासमोर तपासतो, दोष निघाला तर बदलायचं बघू. चार्जिंगचा टाइम वगैरे इथून पुढं गिऱ्हाईकाला लिहून द्यायचा विचार आहे. आणि हो, त्या चार्जरमध्ये साधे सेल चुकूनही घालू नका, लीक होतात. रविवारी दुकान बंद, बाकी रोज रात्री साडेआठपर्यंत आहोत.