शिजवलेलं अन्न "मेलेलं" नसतं हो

आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर महिनाभर एकच मेसेज फिरतोय, की कच्च्या भाजीत जिवंत एन्झाइम (पेशीतली रासायनिक कामं वेगाने करणारे पदार्थ) असतात, त्यांच्यातूनच ऊर्जा मिळते, शिजवलं की ते मरतात, मग शरीराला जन्मतः मिळालेला साठा वापरावा लागतो आणि तो संपला की आजारपण. हे वाचून मावशीने वरणभात सोडला, दोन आठवडे नुसती काकडी, गाजर आणि कच्ची मोडाची मटकी, आता पोट फुगतंय आणि जिना चढताना मध्येच बसते. म्हणून लिहितोय.

उष्णतेने एन्झाइम बिघडतात हे मात्र खरंय. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा, कच्च्या बटाट्याच्या फोडीवर दोन थेंब टाका, लगेच पांढरा फेस येतो, उकडलेल्या फोडीवर काहीच होत नाही. तो फेस म्हणजे कॅटलेज या एन्झाइमने पेरॉक्साइडमधून सोडवलेला ऑक्सिजन.

पण ते कॅटलेज बटाट्याने स्वतःसाठी केलेलं असतं ना! पालकातला रुबिस्को हा एन्झाइम हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडायला असतो, आपल्या पोटात त्याला काय काम? आणि "जिवंत" कसलं, एन्झाइम म्हणजे प्रोटीन, 1926 मध्येच जेम्स समनर या रसायनशास्त्रज्ञाने जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून युरिएज या एन्झाइमचे स्फटिक काढून दाखवलेत. गाजर कच्चं खाल्लं तरी त्यातले बहुतेक एन्झाइम जठरातल्या आम्लात उलगडतात आणि तिथलं पेप्सिन हे पाचक एन्झाइम त्यांचे तुकडे करतं, डाळीतल्या प्रोटीनचं होतं तेच.

साठ्याची गोष्ट तर साफ खोटी. सुपारी कातरून अडकित्ता संपतो का? कॅटलेजचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो आणि पुन्हा तसाच्या तसा. जे झिजतात त्यांच्या जागी पेशी नवे बनवतेच, एकटं स्वादुपिंड रोज लिटरभर तरी पाचकरस सोडतं.

आता "एन्झाइममधून ऊर्जा मिळते" हे, आणि मावशी फसली ती इथेच. एन्झाइम फक्त काम वेगाने करतात, ऊर्जा येते ग्लुकोज नि चरबीतून. बटाट्याची पेशी काय न आपली काय, ग्लुकोज आधी फोडायचं, मग पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात नेऊन त्यातून एटीपी, म्हणजे पेशी ऊर्जेसाठी वापरते तो रेणू, करायचं, वाट जवळपास एकच. काकडीत 95 टक्के पाणी, त्यातून एटीपी होणार किती? उलट भात शिजला की स्टार्चचे कण फुगतात आणि आपल्या लाळेतल्या अमायलेजला ते फोडणं सोपं जातं.

व्हिटॅमिन सी शिजवताना कमी होतं, कोशिंबीर जरूर खा. मोड आणताना दाण्यातलं अमायलेज स्टार्च फोडायला लागतं हेही खरं, पण ते काम वाटीत होतं, पोटात नाही.

आणि त्याच मेसेजच्या शेवटी भिजवलेलं कच्चं सोयाबीन मिक्सरला लावून प्या म्हणलंय, ते कृपा करून करू नका. त्यात आपलं ट्रिप्सिन अडवणारं प्रोटीन असतं, म्हणजे एन्झाइम वाचवायच्या नादात पचवणारं एन्झाइमच बंद पाडायचं. ते अडवणारं प्रोटीन नीट शिजवल्यावर निकामी होतं. कच्चा राजमा तर आणखी वाईट, त्यातल्या लेक्टिन नावाच्या प्रोटीनने उलट्या होतात, तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरला बोटचेपा होईपर्यंत शिजवायचाच.