भिंत उभी करा, सूचना लिहू नका

राही सरनोबत, विजय कुमार यांच्यामुळे २५ मीटर पिस्तूल म्हणजे काय हे आपल्याकडे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. रॅपिड फायरमध्ये पाच गोळ्या आधी आठ, मग सहा, शेवटी चार सेकंदांत. कोल्हापूर असो की लंडन, अंतर तेच, टार्गेट तेच. प्रॅक्टिकल शूटिंगचं, म्हणजे आयपीएससीचं (इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन), तसं नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या कोलंबियाला ही संघटना उभी राहिली तेव्हापासून दर स्पर्धेला स्टेज, म्हणजे नेमबाजाने सोडवायची मांडणी, नवी. भिंती, खिडक्या, दारं, कागदी टार्गेट, गोळी लागली की पडणारे लोखंडी पॉपर, झुलणारे स्विंगर, आणि मधून पळणारा नेमबाज. त्यामुळे स्टेज कुणी आणि कशी मांडली यावर निम्मी स्पर्धा ठरते. चर्चा मात्र सगळी ट्रिगर आणि रेड डॉटची (नेमासाठीच्या लाल ठिपक्याच्या साइटची).

(भारतात हा खेळ का दिसत नाही असं विचारणाऱ्यांसाठी: नियमानुसार किमान काडतूस ९×१९ मिमी आणि आपल्याकडे ९ मिमी हा निषिद्ध बोअर. सर्वसाधारण परवानाधारकाच्या .३२ बोअरच्या हत्यारावर हा खेळ होत नाही. परदेशातल्या क्लबात खेळणाऱ्या किंवा आरओचं (रेंज ऑफिसर, म्हणजे पंचाचं) काम करणाऱ्या मराठी मंडळींना पुढचं जास्त उपयोगी पडेल.)

आधी गणित, कारण ते न समजता स्टेज मांडणारे पुष्कळ. गुण भागिले वेळ म्हणजे हिट फॅक्टर. टार्गेटच्या मधल्या 'ए' भागाला ५ गुण. मायनर पॉवर फॅक्टरला (कमी जोराच्या गोळीला) बाहेरच्या 'सी' चे ३ आणि 'डी' चा १, मेजरला (जास्त जोराच्या गोळीला) ४ आणि २. गोळी चुकली, नो-शूटला (न मारायच्या टार्गेटला) लागली किंवा प्रोसिजरल (पद्धत मोडल्याचा दंड) बसला, तर प्रत्येकी उणे १०. आता १२ गोळ्यांची छोटी स्टेज घ्या. ६० गुण, ६ सेकंद, हिट फॅक्टर १०. तिथे एक गुण म्हणजे ०.१ सेकंद, म्हणून मायनरवाल्याला 'ए' ऐवजी 'सी' लागला तर ०.२ सेकंदाचा फटका. ३२ गोळ्यांची लांब स्टेज ३२ सेकंदांत झाली तर हिट फॅक्टर ५, आणि तोच 'सी' ०.४ सेकंदाला पडतो. गोळी चुकली तर न मिळालेले ५ आणि दंडाचे १० मिळून १५ गुण गेले. छोट्या स्टेजवर दीड सेकंद, लांबवर पूर्ण तीन. लांब अंतरं, अवघड खिडक्या, भरपूर पळापळ असं सगळं एकत्र केलं की हिट फॅक्टर खाली जातो आणि खेळ नेमाकडे झुकतो. जवळची उघडी टार्गेट भरली की नुसती शर्यत होते. दोन्ही हवंच, पण मांडणाऱ्याने ते जाणून मांडावं.

स्टेज जिंकणाऱ्याला त्या स्टेजचे सगळे गुण आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणून ३२ गोळ्यांची फसलेली स्टेज १२ गोळ्यांच्या फसलेल्या स्टेजपेक्षा कितीतरी जास्त नुकसान करते. तीन छोट्या, दोन मध्यम, एक लांब हे शिफारशीचं प्रमाण कमाल मर्यादेला (१२, २४, ३२ गोळ्या) धरलं तर एकूण ५८० गुण होतात आणि त्यातले १६० एकट्या लांब स्टेजचे. आयोजक सगळी हौस तिच्यावरच भागवतात हे दुर्दैव.

आता मुद्द्यावर येतो. नियमपुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात फ्रीस्टाइल हे तत्त्व आहे: टार्गेट जसं आणि जेव्हा दिसेल तसं मारायची मोकळीक आणि कोडं आपल्या पद्धतीने सोडवण्याची मुभा. मध्यम आणि लांब स्टेजला आणखी एक अट जोडलेली आहे. कुठल्याही एका जागेवरून ९ पेक्षा जास्त हिट लागता कामा नयेत आणि एका जागेवरून सगळी टार्गेट दिसता कामा नयेत. याचा सरळ अर्थ असा की नेमबाजाने हलायला हवं असेल तर त्याला हलवायचं काम भिंतीचं. स्टेज ब्रीफिंगमध्ये (आधी वाचून दाखवायच्या सूचनांत) 'टी-१ ते टी-४ फक्त डाव्या खिडकीतून मारावीत' असं लिहिलंत की तुम्ही हरलात. उजव्या बाजूने टी-३ चा कोपरा दिसतोच आहे, आणि पळता पळता कुणीतरी तो मारणारच. मग प्रोसिजरल, मग वाद. तिथे एक जाळीची चौकट दोन हात पुढे सरकवली असती तर हे वाक्य लिहावंच लागलं नसतं. छोट्या स्टेजला आणि स्टँडर्ड एक्सरसाइजला (ठरवून दिलेल्या पद्धतीने मारायच्या प्रकाराला) सक्तीचं रीलोड (मॅगझिन बदलणं) किंवा एका हाताने मारण्याची अट चालते. तेवढी सूट पुरे.

उलट दिशेचा प्रयोगही झालेला आहे. आयपीएससीचं वळण न पटलेल्या लोकांनी १९९६ मध्ये आयडीपीए (इंटरनॅशनल डिफेन्सिव्ह पिस्टल असोसिएशन) काढली. त्यात टार्गेटचा क्रम ठरलेला, आडोशामागूनच मारायचं, एका स्ट्रिंगला (सलग फेरीला) जास्तीत जास्त १८ गोळ्या. शरीर आडोशाबाहेर किती आलं हे पंचाने नजरेने ठरवायचं. भांडणं ठरलेली. अखेर २०१७ च्या नियमपुस्तकात त्यांनीही आडोशासाठी फॉल्ट लाइन (पाय ओलांडू नये अशा जमिनीवरच्या रेषा) आणल्या. जमिनीवरची पट्टी माणसाच्या नजरेपेक्षा न्यायी, हे त्यांना वीस वर्षांनी मान्य करावं लागलं.

फॉल्ट लाइन मात्र पायाला कळली पाहिजे. लाकडी पट्टी, जमिनीपासून निदान २ सेंमी वर, पक्की ठोकलेली. चुना किंवा चिकटपट्टी मारून काम भागवलं की नेमबाजाला पाय बाहेर गेल्याचं कळत नाही आणि आरओला एकाच वेळी पाय आणि मझल (पिस्तुलाच्या नळीचं तोंड) दोन्ही पाहावे लागतात. त्याने मझल सोडून पाय पाहावेत, हे मला तरी नको. रेषेबाहेर पाय टेकवून गोळी झाडली तर एक प्रोसिजरल, आणि त्यातून मोठा फायदा झाला असेल तर दर गोळीला एक. हा 'मोठा फायदा' ठरवण्याची वेळ वारंवार येत असेल तर रेषा चुकीच्या जागी आहे.

लोखंडाला ७ मीटरचं अंतर सक्तीचं, आणि जवळ जाणं रेषेने रोखणार असाल तर रेषा ८ मीटरवर, म्हणजे पाय घसरला तरी ७ राहतात. हे सगळे पाळतात. फसतात ते पॉपरच्या पायाशी. सकाळी कोरड्या मातीवर लावलेला पॉपर दुपारपर्यंत मागे किंवा पुढे झुकतो, पावसात खचतो. मग मायनरची गोळी बरोबर बसूनही तो उभा राहतो. नेमबाजाने पुन्हा मारून पाडला तर जसं आहे तसं मोजलं जातं. उभा ठेवून आव्हान दिलं तर कॅलिब्रेशनच्या गोळीने तपासणी होते. योग्य भागात लागून पडला तर मिस, नाही पडला तर रीशूट, म्हणजे स्टेज पुन्हा मारायची. खाली फळी ठोकून, दर स्क्वॉडआधी (नेमबाजांच्या गटाआधी) हाताने झुकाव पाहिला तर यातलं बरंच टळतं.

पॉपर पडला की केबल ओढली जाऊन स्विंगर सुटतो, ही सगळ्यांची आवडती युक्ती. तिच्यात एक अन्याय लपलेला आहे. मेजरच्या गोळीने पॉपर झटकन मागे पडतो, मायनरच्या गोळीने रेंगाळत. दोघांना स्विंगर वेगवेगळ्या क्षणी मिळतो. पुढे पडणारा पॉपर वापरा: गोळी फक्त अडकण सोडवते, पडतो तो स्वतःच्या वजनाने. नायलॉनची दोरी नको, भिजली की ताणते. आणि स्विंगर थांबल्यावर 'ए' चा काही भाग दिसत राहणार की नाही हे आधी ठरवा. दिसत राहिला तर न मारल्याचा आणि चुकल्याचा दंड लागू. पूर्ण लपला तर, नेमबाजाने तो सोडवलेला असेल तर, दंड नाही, आणि हुशार माणूस हिशेब करून त्याला सोडून पुढे जाईल. ती फसवणूक नव्हे, मांडणाऱ्यानेच दिलेला पर्याय आहे.

मझलची मर्यादा साधारणपणे समोरच्या दिशेपासून ९० अंश, ओलांडली की थेट डीक्यू, म्हणजे स्पर्धेतून बाद. उजव्या हाताचा नेमबाज उजवीकडून डावीकडे पळत रीलोड करतो तेव्हा मझल नैसर्गिकपणे डावीकडे, म्हणजे शरीर वळलं की मागे, जाते. डावखुऱ्याचं उलट. सगळ्या स्टेज उजवीकडून सुरू करणारा आयोजक नकळत डीक्यूची शेती करत असतो. दार स्वतःकडे ओढायला लावणं, मागे हटताना रीलोड करायला लावणं, हेही त्यातलंच. खिडकीची उंचीही पाहा. नियमच उंची आणि शरीरयष्टीची वाजवी दखल घ्यायला सांगतो.

एवढं करूनही पळवाट सापडतेच. रेंज मास्टरला (रेंजवरच्या प्रमुख पंचाला) एखादी कृती निषिद्ध जाहीर करण्याचा अधिकार आहे, पण ते ठिगळ आहे. एका स्पर्धेत दोन-तीनदा लागलं तर आराखडे मंजूर करणाऱ्याला विचारावं. अपिलाचा रस्ताही मुद्दाम अरुंद ठेवला आहे: घटनेपासून एका तासात लेखी, लेव्हल ३ आणि वरच्या (मोठ्या) स्पर्धांना १०० डॉलर शुल्क, तीन जणांची समिती. सुरक्षेच्या डीक्यूवर अपील झालं तरी 'चूक घडलीच नाही' असा वाद चालत नाही, फक्त अपवादात्मक परिस्थिती होती का एवढंच पाहिलं जातं. मला हे बरोबर वाटतं. आरओने पाहिलेल्या मझलवर समितीने मतदान करायचं म्हटलं तर कुणी आरओ व्हायला धजणार नाही.

संघटनेच्या पातळीवर मात्र एक गोष्ट खटकते. आमसभेत प्रत्येक देशाच्या संचालकाला मत असतं आणि वेळ जातो डिव्हिजन (हत्यारांनुसार पाडलेले गट), मॅगझिन आणि ट्रिगरच्या वजनावर. कायद्याची सक्ती असल्याशिवाय स्थानिक नियम घुसवायला आयपीएससीत मनाई आहे, तरी यूएसपीएसए या अमेरिकेतल्या संघटनेचं नियमपुस्तक वेगळंच. त्यामुळे तिथे शिकलेला माणूस बाहेर जाऊन स्टेज मांडतो तेव्हा सवयीने चुकतो.

पुढच्या वेळी क्लबात आराखडा हातात आला की एक करा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी एक डावखुरा, एक सगळ्यात उंच आणि एक सगळ्यात बुटका माणूस रिकाम्या हाताने, बोट दाखवत, स्टेजवरून चालवा. ब्रीफिंग न वाचून दाखवता. तिघेही जिथे तुम्हाला हवं तिथे थांबले तर भिंती बरोबर आहेत.