सीझरचा गड आणि आमचं नगर

मी नगरची. अकरा वर्षं फ्रान्समधल्या तूर शहरात राहते. रविवारी आईला फोन केला की भाऊ मध्येच बोलायला येतो आणि विषय नावांवर जातो. 2023 मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर. जिंकून आलेल्यांची नावं पुसलीच पाहिजेत, हे त्याचं म्हणणं. "तुला तिथे बसून काय कळणार?" असंही म्हणतो. मला जे कळलं ते इथे बसूनच.

लुआर नदीकाठचं हे शहर रोमनांनी वसवलं आणि नाव ठेवलं सीझरोदुनुम, म्हणजे सीझरचा गड. गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकणाऱ्या सीझरचंच नाव. हा मुलूख तुरोन नावाच्या गॉल टोळीचा आणि शहर तिचं मुख्य ठाणं. त्यामुळे लोक शहराला 'तुरोनांचं' म्हणू लागले. तिसऱ्या-चौथ्या शतकापर्यंत तेवढंच तोंडी उरलं, सीझर गळून पडला. तूर लिहिताना शेवटी जो 'स' येतो आणि उच्चारला जात नाही, तो त्या जुन्या अनेकवचनाचा. असंच ल्युतेशियाचं पॅरिस झालं पारिसी टोळीमुळे, ऑगस्टस या रोमन सम्राटाच्या नावाच्या ऑगस्टोरितुमचं लिमोज झालं लेमोविक टोळीमुळे. गॉल भाषा पुढे मेली, पण हरलेल्यांची नावं राहिली, आणि ती बोलण्यातून राहिली.

सगळीकडे असं झालं नाही. ग्रेनोबलच्या नावात ग्रेशियन हा रोमन सम्राट अजून आहे. त्यातलं 'नोबल' सरदारांची आठवण देतं म्हणून क्रांतीच्या काळात त्याचं ग्रेलिब्र केलं होतं, 'लिब्र' म्हणजे मुक्त. ते टिकलं नाही.

म्हणून धाराशिव मला मनापासून पटतं. शेवटच्या निजामाचं नाव गावाला लागलं, त्याच्या आधीपासूनचं ते नाव. मुंबईचंही तेच. आपण मराठीत रोज म्हणायचो तेच 1995 मध्ये सरकारी कागदावर आलं. संभाजीनगरच्या वादात मात्र शहर वसवणाऱ्या मलिक अंबरच्याही आधीचं खडकी हे नाव कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

आणि नगर? अहिल्याबाई चौंडीच्या, आमच्याच जिल्ह्यातल्या. त्यांच्याबद्दल भावाइतकाच आदर मलाही आहे. पण माझ्या आजीच्या तोंडून मी 'अहमदनगर' कधी ऐकलं नाही. बाजार नगरचा, एसटी नगरची, माहेर नगरचं. तुरोनांनी सीझर गाळला तसा आम्ही अहमद केव्हाच गाळला होता. पाटीवर नुसतं 'नगर' लिहिलं असतं तर मला फार आनंद झाला असता.