आजीचा फोटो आणि निल्याचा फ्लॅट

काल रात्री कट्ट्यावर (म्हणजे सहकारनगरची आपली नेहमीची टपरी) निल्या प्लॅस्टिकचं फोल्डर घेऊन आला. टू बीएचके, रिसेल, 72 लाख. सोमवारी 2 लाख टोकन द्यायचं, एजंट मागे लागलाय की दुसरी पार्टी तयार आहे. ही दुसरी पार्टी पुण्यातल्या प्रत्येक फ्लॅटला तयार असते, आजवर कोणी बघितली नाहीये.

आधी गाडी खर्चावर गेली. मक्या बँकेत आहे त्यामुळे त्याचं तोंड बंद होत नाही. बोल्ला पुण्यात स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, म्हणजे 5 लाख 4 हजार, वर रजिस्ट्रेशनचे 30 हजार, पण वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतलास तर 1 टक्का सूट, 72 हजार वाचतात. निल्या म्हणे दोघांच्या नावावर घेतो की, सूट पण मिळेल. नाही मिळत! नुसत्या बाईच्या नावावर पाहिजे, तुझं नाव आलं की सूट गेली. मग संद्या मधेच, "वाचलेले 72 हजार टीडीएसमधे जाणार, 50 लाखाच्या वर 1 टक्का." अरे येड्या, तो निल्याचा खर्च नाहीये, मालकाला द्यायच्या पैशातून कापून निल्यानं सरकारात भरायचा. यावर दहा मिनिटं गेली, संद्याला अजून पटलेलं नाही.

खरी मजा पुढे. अभ्या कोर्टात ज्युनिअर आहे, तो सहसा गप्प बसून क्रीम रोल खातो. त्यानं फोल्डरमधलं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काढून उलटं केलं. मागे तक्ता असतो बघा, मेंबर बदलला की तिथे नोंद होते. पहिलं नाव विकणाऱ्याच्या वडिलांचं, खाली निळ्या शाईत त्याचं स्वतःचं, शेजारी चेअरमन-सेक्रेटरीच्या सह्या.

"वडील कधी गेले?"
"2016. हा नॉमिनी होता, सोसायटीनं नावावर करून दिलं. क्लिअर आहे सगळं."
"काय क्लिअर? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे."

झालं, संद्या पेटला. मग नॉमिनेशन करायचं कशाला, सर्टिफिकेटवर नाव आहे, मेंटेनन्स तो भरतोय, सोसायटी एनओसी देतेय. अभ्या बोल्ला, एनओसी तर आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायट्यांचे नमुना नियम) ट्रान्सफरला लागतच नाही, बँक मागते म्हणून घ्यायची. आणि सोसायटीला व्यवहार करायला एक माणूस लागतो, तो नॉमिनी. 2019 पासून तर कायद्यातच आहे, वारस ठरेपर्यंत तो तात्पुरता मेंबर. मृत्युपत्र नसेल तर फ्लॅट जातो वारसांकडे.

निल्या हुशार, लगेच म्हणे आई आहे, एक बहीण आहे कोल्हापूरला, दोघी सही करणारेत, बहिणीचं हक्कसोडपत्र करून घेऊ. आम्ही पण म्हटलं मिटलं. अभ्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला (फोल्डरवरच, गोल डाग पडला) आणि विचारलं, "वडिलांची आई?"

"आजी? ती गेली रे कधीच. हॉलमधे हार घातलेले दोन फोटो आहेत ना."
"कधीच म्हणजे कधी?"

आता हे कोणाला माहीत असणार! पण निल्यानं फ्लॅट बघताना मोबाईलवर पंचवीस फोटो काढलेले, त्यात हॉलची भिंत सापडली. चौघं स्क्रीनवर वाकलो, दोन बोटांनी मोठं करत गेलो. वडिलांच्या फोटोखाली 2016. आजींच्या, हाराच्या कडेतून अर्धवट दिसणारं, 2019.

अभ्या म्हणे बघ, मुलगा गेला तेव्हा आजी होत्या. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि आई एकाच रांगेत. म्हणजे चार हिस्से, 18 लाख आजींचे. त्या मृत्युपत्राविना गेल्या असतील तर ते 18 लाख त्यांच्या मुलांत. आजोबा आधीच गेलेले. एक काका, एक आत्या, आणि गेलेल्या मुलाच्या वाट्याला हे बहीणभाऊ. काकांचे 6 लाख, आत्याचे 6 लाख.

"पण फ्लॅट वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला!" संद्या.
"म्हणून तर. स्वतःचा होता म्हणूनच असा वाटला जातो."

मक्यानं मान डोलावली, बँकेचा वकील 30 वर्षांचा सर्च काढतो पण त्यात नोंदवलेले दस्त दिसतात, आजी कुठून दिसणार. उपाय आहे म्हणे, काका-आत्यांचं रजिस्टर हक्कसोडपत्र, नाहीतर खरेदीखतात 'मान्यता देणार' म्हणून दोघांच्या सह्या, शिवाय पेपरात जाहीर नोटीस. आणि तोवर टोकन बिकन काही नाही.

निल्यानं तिथूनच एजंटला फोन लावला, स्पीकरवर. आधी तो हसला, अहो साहेब आजींचा काय संबंध. अभ्यानं फोन घेऊन तीन वाक्यांत सांगितल्यावर पलीकडे जरा शांतता.

"काकांची सही ना... अवघडे जरा. आजींच्या तेराव्यापासून बोलत नाहीत ते यांच्याशी."