अकराव्यात सुधारतो म्हणे

जुनी डिस्क परत करायला गेलेल्या माणसाची तोंडी परीक्षा घेतात, हे मला इंदूरच्या जेल रोडवर कळलं. तीही उभ्या उभ्या, चार गिऱ्हाइकांसमोर, आणि परीक्षक असा की ज्याने जन्मात गेम खेळलेला नाही. मी दोनदा बसलो आणि दोनदा नापास झालो. दुसऱ्यांदा परवा शनिवारी, त्यामुळे डोकं अजून तापलेलं आहे.

वस्तू काय, तर 'फायनल फँटसी तेरा' हा व्हिडिओ गेम. प्लेस्टेशन थ्रीची सेकंडहँड डिस्क, साडेसहाशे रुपये, आणि दुकानातल्या पोराचा तोंडी वायदा: 'नाही आवडला तर परत आणा, भिया.' मला नाही आवडला. मी परत नेला. इतकी साधी गोष्ट.

ज्यांना या प्रकाराची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: ही मालिका १९८७ पासून चालू आहे आणि नाव मात्र 'फायनल'. आमच्याकडे लग्नात एक मामा 'हा शेवटचा आग्रह' म्हणत पाच वेळा जिलबी वाढून जातात, त्यातलाच प्रकार. तेरावा भाग जपानात डिसेंबर २००९ मध्ये आला, बाहेर मार्च २०१० मध्ये, आणि तेव्हापासून खेळणाऱ्यांत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, काय देखणा गेम! दुसरा म्हणतो, हा गेम नाही, बोळ आहे. देखणा आहेच. पण बोळही आहे. पहिले दहा अध्याय तुम्ही नाकासमोर चालता. वाटेत राक्षस, मग पाच मिनिटं सिनेमा, मग पुन्हा नाकासमोर. गाव नाही, गल्ली नाही, दुकानदाराशी घासाघीस नाही. दुकानं आहेत, पण तीही गेम सेव्ह करायच्या यंत्रातच कोंबलेली. सुरुवातीचे काही तास तर लढाईसुद्धा एकच बटण दाबत राहिलं की आपोआप होते. मी एका हाताने पोहे खाल्लेत, जीरावन मसाला भुरभुरून, आणि जिंकलोय.

इंदूरच्या माणसाला हा बोळ नवा नाही म्हणा. आम्ही एबी रोडवर निरंजनपूरपासून राजीव गांधी चौकापर्यंत साधारण साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस कॉरिडॉर, म्हणजे फक्त बससाठी राखलेला रस्ता, भोगलाय. २०१३ पासून मधून आयबस सुसाट, दोन्हीकडे रेलिंग आणि रेलिंगबाहेर आपण, स्कूटर बंद करून. तेव्हाही सगळे हेच सांगायचे, जरा थांबा, पुढे सुधारेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तो काढायला परवानगी दिली. म्हणजे सुधारणा झाली ती अशी.

तर गेम. दोन्ही तट एका गोष्टीवर मात्र एकमताने माना डोलावतात: अकराव्या अध्यायात सुधारतो. पुण्याहून भाच्यानेही फोनवर तेच सांगितलं. "मामा, अकराव्यापर्यंत दम धर." अकरावा यायला किती वेळ? "जास्त नाही रे, वीस-पंचवीस तास." तेवढ्या वेळात माणूस रेल्वेने इंदूरहून मुंबईला जाऊन परतीच्या वाटेलाही लागतो. मी सहाव्यातच उतरलो आणि डिस्क पिशवीत घालून जेल रोड गाठला.

पोरगा माल आणायला गेला होता. गल्ल्यावर त्याचे आजोबा. मफलर, एका दोरीने कानाला बांधलेला चष्मा, समोर लाल कापडी बांधणीची चोपडी.

"का परत करून राहिला?"

"आजोबा, आवडला नाही."

"कुठपर्यंत वाचला?"

"वाचला नाही, खेळलो. सहाव्या अध्यायापर्यंत."

"एकूण किती?"

"तेरा."

आजोबांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. "अन् सहाव्यातून उठला? पारायण अर्ध्यात सोडून उठणारा मनुष्य मी आज पाहून राहिलो." चार्जरची केबल घ्यायला आलेला एक इसम माझ्याकडे वळून बघू लागला.

मी म्हटलं, "लोक म्हणतात अकराव्यात सुधारतो, पण तोपर्यंत..."

"अकरावा!" त्यांनी काउंटरवर थाप मारली. आतले इअरफोन हलले. "अरे, अकरावा म्हणजे विश्वरूपदर्शन! पहिल्याच अध्यायात भगवंतानं तोंड उघडून दाखवलं असतं तर अर्जुन रथातच पडला असता. दहा अध्याय ऐकून घ्यावं लागतं, बाबू."

"बरोबर बोलले दादाजी," केबलवाला म्हणाला. याचा काय संबंध?

"नाव काय म्हणाला याचं?"

"फायनल फँटसी तेरा."

"फायनल. अन् तेरावा." आजोबा क्षणभर गप्प झाले, मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

इथे मी 'कोणी नाही' म्हणून डिस्क काउंटरवर ठेवायची होती. पण मी गोष्ट सांगायला लागलो. सैन्यात असलेली एक लायटनिंग नावाची मुलगी, तिच्या धाकट्या बहिणीचा स्फटिक झालेला. फाल्सी नावाचे देवासारखे आहेत, ते माणसांवर शिक्का मारून त्यांना लाल्सी करतात.

"लालची?"

"लाल्सी. मग त्याला एक काम देतात. काम नेमकं काय, ते धड सांगत नाहीत, नुसतं धूसर काहीतरी दाखवतात. काम झालं तर माणसाचा स्फटिक होतो, नाही झालं तर राक्षस."

"पेन्शन?"

"पेन्शन नाही."

"मी छत्तीस वर्षं खात्यात हेच केलं," आजोबा केबलवाल्याला म्हणाले. "साहेब काम सांगायचा नाही. अन् मार्चमध्ये विचारायचा, झालं का?" मग माझ्याकडे. "आणखी कोण आहे?"

"साझ म्हणून एक बाप आहे. त्याच्या झुलपांत चोकोबो पक्ष्याचं पिल्लू राहतं."

"डोक्यात?"

"डोक्यात. अधूनमधून बाहेर येऊन उडतं."

"अन् याचा ह्याला कंटाळा येतो!" ही ओळ आजोबांनी सगळ्या दुकानाला उद्देशून म्हटली. मग चोपडी उघडली, माझं बिल मागितलं आणि त्यावर निळ्या शाईत, टपोऱ्या मोडी वळणाच्या अक्षरात लिहिलं: 'अकरावा अध्याय झाल्यावर परत घेणे.' खाली सही आणि तारीख.

मी ते बिल घेऊन बाहेर आलो तेव्हा स्कूटरपुढे दुसरी स्कूटर आणि तिच्यापुढे शिकंजीची गाडी. वाट बघत उभा राहून मला आणखी राग आला. साडेसहाशे रुपये माझे, तास माझे, आणि दोन्ही कुठवर खर्चायचे ते ठरवणार दुसरेच. 'पुढे चांगलं आहे' म्हणणाऱ्याचं काय जातं? पंगतीत पहिली भाजी जळकी वाढली आणि म्हणाला, मठ्ठ्यापर्यंत थांबा, तर आपण थांबू? त्रेचाळिसाव्या वर्षी मोकळा वेळ मिळतो तो रात्री साडेदहानंतर, आणि त्यातही अर्धा वेळ डोळा लागलेला असतो.

थांबलो. सतरा रात्री. (बिलावर सही होती, माझा नाइलाज होता.) आणि जे कोणी धड सांगत नाही ते सांगतो: सुधारणा अकराव्याच्या आधीच दबक्या पावलांनी सुरू होते. एक बटण दाबून चालेनासं होतं. तिघांच्या भूमिका भर लढाईत बदलाव्या लागतात. आता दोघं मारा, एक मलमपट्टी. आता एक ढाल, दोघं मलमपट्टी. एक सेकंद चुकलं की खेळ खल्लास. पोह्यांची प्लेट मी आठव्यातच खाली ठेवली होती. नवव्या-दहाव्याच्या सुमारास कुठे आपली माणसं आपण निवडायची मुभा मिळते. इतका साधा हक्क, आणि तो इतक्या उशिरा.

मग अकरावा. बोळ संपतो आणि समोर मैदान, क्षितिजापर्यंत गवत, कळपच्या कळप चरताहेत, आभाळात काहीतरी प्रचंड तरंगतंय. चौसष्ट कामं पडलेली, उघडतील तशी घ्या. मी पाच मिनिटं नुसता उभा. बायको मागून म्हणाली, "आता काय अडलं?"

"काही नाही. कुठेही जाता येतं."

"मग जा की."

जाता येईना. दहा अध्यायांत सवयच गेलेली. शेवटी समोर दिसलेल्या पहिल्या डोंगराकडे निघालो. डोंगराने पाय उचलला. ते जनावर होतं. त्याने एकदा पाय आपटला आणि आम्ही तिघं सपाट.

आणि बाराव्यात? बाराव्यात पुन्हा बोळ! तेराव्यातही बोळ. हे मला ना भाच्याने सांगितलं, ना त्या दोन तटांनी. म्हणून शनिवारी मी पूर्ण तयारीने, बिल हातात धरून गेलो. वाटेत घोकत होतो: अकरावा झाला, आवडला नाही, पैसे.

"झाला का अकरावा?" आजोबा. या वेळी नातूही होता.

"झाला. आवडला नाही."

"काय दिसलं?"

"विशेष काही नाही. मैदान."

"केवढं?"

"आहे बऱ्यापैकी."

"अन् त्यात?"

"जनावरं. एक कासवासारखं."

"कासव? केवढं?"

इथे मी घसरलो. पिशवी काउंटरवर ठेवून दोन्ही हात फाकवले. "आजोबा, आपला राजवाडा समजा. सातही मजले. तो चार पायांवर उठून चालून राहिलाय, अन् आम्ही तिघं त्याच्या टाचेखाली, तलवारी घेऊन..."

आजोबांनी शांतपणे चोपडी मिटली. "डोळे बघा याचे," ते नातवाला म्हणाले. "अन् म्हणे आवडला नाही."

बाराव्याचं सांगायला मी तोंड उघडलं, पण नातवाने तोवर मागच्या फळीवरून आणखी दोन डिस्का काढून माझ्यासमोर मांडल्या होत्या. "भिया, याचाच पुढचा. तेरा-दोन. २०११ चा आहे."

"तेराव्याचा दोन?" आजोबांनी हिशोब केला. "म्हणजे मासिक."

"आणि हा तिसरा, २०१३ चा. लायटनिंग रिटर्न्स."

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे ती परत येते, दादाजी."

आजोबांनी चष्मा काढला आणि मफलरच्या टोकाने पुसला. "परत येते?" ते म्हणाले. "मग तेरावा नीट झाला नसेल."