पाय कमावताना

वस्तू विकणारा आणि वस्तू घडवणारा ही दोन वेगवेगळी माणसे असावीत, असे माझे आयुष्यभराच्या खरेदीनंतरचे ठाम मत आहे. दुकानदाराशी घासाघीस करताना मनाला काही लागत नाही, कारण ती वस्तू त्याने केलेली नसते आणि मी तर नसतेच नसते. दोघांच्याही हातांना घट्टे पडलेले नसतात. परंतु हस्तकलेच्या प्रदर्शनात कारागीर स्वतःच गल्ल्यावर बसलेला असतो, त्याची आरी त्याच्या मांडीशी पडलेली असते, आणि "यात काही कमी होईल का?" हा निरुपद्रवी प्रश्न तोंडातून निघण्याआधीच आपली नजर त्याच्या बोटांवर जाऊन अडखळते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घराजवळच्या मंगल कार्यालयात, निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या कारागिरांच्या एका संघाने दहा दिवसांचे प्रदर्शन आणि विक्री भरवली होती. पहिल्याच संध्याकाळी पत्नी म्हणाली, "नुसतं बघून येऊ." या तीन शब्दांनी आजवर आमच्या घरात दोन पितळी समया, बुरुडाने विणलेली एक सूपवजा वस्तू आणि एक घोंगडी आणलेली आहे. घोंगडी कोणाच्याच अंगाला सोसत नसल्यामुळे सध्या ती सोफा पांघरतो.

आत शिरताच सावंतवाडीचे लाकडी फळांचे दालन होते. तिथे एक वृद्ध गृहस्थ लाकडी केळ्याला अंगठ्याने दाबून ते पिकले आहे की नाही, हे पाहत होते. शेजारी गंजिफाचे गोल पत्ते मांडलेले होते. हा खेळ कसा खेळतात, असे मी केवळ सौजन्य म्हणून विचारले आणि विक्रेत्याने ते मनावर घेतले. दशावतारी गंजिफाची पाने १२०, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, असे सांगत तो मत्स्य, कूर्म, वराह या क्रमाने पुढे सरकू लागला. वामनापर्यंत पोहोचेतो मला आपले तिसरे पाऊल कुठे ठेवावे हे कळेनासे झाले आणि मी समोरच्या चपलांच्या दालनात पाय टाकला. बळी तिथे जायचा होता.

चपलेतले मला कळते, असा माझा समज होता. जोड हातात घ्यायचा, वाकवायचा, नाकाशी न्यायचा, आणि खिळे नाहीत ना, तळवा चामड्याच्या वादीनेच शिवलेला आहे ना, हे डोळे बारीक करून पाहायचे, एवढी विद्या मी वडिलांकडून उचललेली होती. ती साग्रसंगीत पार पाडून मी जाणकाराच्या आवाजात विचारले, "अस्सल कोल्हापुरी आहे ना?"

"अथणीची आहे," तो म्हणाला.

"म्हणजे कोल्हापुरी नाही?"

"कोल्हापुरीच की! अथणीत केलेली."

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीच्या त्या माणसाने मग कानडी हेल असलेल्या स्वच्छ मराठीत माझी समजूत घातली. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, ते एकट्या कोल्हापूरचे नसून आठ जिल्ह्यांचे आहे: कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे आपले चार आणि बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे कर्नाटकातले चार. सीमाप्रश्नाचे भिजत घोंगडे इतकी वर्षे पडून असताना दोन राज्यांचे एका चपलेवर एकमत झाले, या विचाराने मी इतका भारावलो, की पायात जोड नेमका बसतो का, हे पाहायचे राहूनच गेले.

तेवढ्यात माझ्या मागचे एक गृहस्थ तावातावाने बोलू लागले. २०२५ च्या जूनमध्ये प्रादा या कंपनीने मिलानच्या फॅशन प्रदर्शनात हुबेहूब कोल्हापुरी वळणाच्या चपला चालवल्या, त्यांना नुसते 'चामडी सँडल' म्हटले, आणि इथून ओरड झाल्यावर मूळ कुठले ते मान्य केले, हा सगळा इतिहास त्यांनी भर दालनात ऐकवला. आपल्या कारागिरांच्या कष्टांची जगाला किंमत नाही, असे म्हणताना त्यांचा कंठ दाटून आला. तो मोकळा होताच त्यांनी हातातला जोड पुढे केला आणि त्याच दमात दोनशे रुपये कमी करायला सांगितले.

मला हायसे वाटले. कोंडी दुसऱ्याने फोडली होती. मीही माझा जोड पुढे सरकवून, "हो, दोघांना मिळून काहीतरी बघा," असे पुटपुटलो.

कारागीर वाद घालणाऱ्यांतला नव्हता. त्याने किमतीचा विषयच काढला नाही. कृती सांगायला घेतली. तळव्याला म्हशीचे कातडे. ते चुन्यात भिजवायचे, केस काढायचे, धुवायचे, पुन्हा धुवायचे. मग त्याचीच पिशवी शिवायची, बाभळीची साल आणि हिरडा घातलेले पाणी तिच्यात भरायचे आणि ती टांगून ठेवायची. कातडे पाणी पीत राहते, आपण पाणी घालत राहायचे. इथे माझी सवलत दोनशेवरून दीडशेवर आली. कातडे कमावून झाले की कापणी, तळवा, टाच, मग दोन्ही बाजूंचे कान, मग पट्टा. पट्ट्यावरची ही बारीक वेणी घरातल्या बायका घालतात; ही माझ्या आईने घातलेली आहे, तिला आताशा नीट दिसत नाही. या ठिकाणी माझी सवलत संपली आणि मीच त्याचे काही देणे लागतो की काय, असे वाटू लागले.

शेवटचा बाण म्हणून मी दाखवून दिले, की उजव्या चपलेचा पट्टा डाव्यापेक्षा अंमळ लांब आहे. त्याने कागद पसरला, त्यावर माझे दोन्ही पाय ठेवायला लावून पेन्सिल फिरवली आणि कागद माझ्यासमोर धरला. माझा उजवा पाय खरोखरच मोठा होता. बावन्न वर्षे मी या पायांवर उभा आहे आणि ही गोष्ट मला एका अनोळखी माणसाकडून, पाच-सहा अनोळखी माणसांसमोर कळावी! मी निमूटपणे पूर्ण पैसे दिले. दोनशेवाल्या गृहस्थांनाही मी पाकीट काढताना पाहिले, पण सभ्यपणाने नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी त्या चपला चावल्या. सौम्य शब्द सुचत नाही. अंगठ्याशी चावल्या, टाचेशी घासल्या आणि वर करकरल्या. कोल्हापुरीची करकर हे तिचे भूषण मानतात, पण ज्याने ते भूषण मानले, तो कार्यालयात उशिरा पोहोचून पाठीमागच्या दाराने खुर्ची गाठणाऱ्यांपैकी नसणार. साहेब भिंतीकडे तोंड करून फोनवर बोलत होते. न वळताच त्यांनी घड्याळ पाहिले.

मग उपचार सुरू झाले. एका काकांनी खोबरेल सांगितले, दुसऱ्यांनी एरंडेल. मी दोन्ही चोपडले. आठवडाभरात माझ्या डोक्याला लागले नाही एवढे तेल पायताणाला लागले, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा आमच्या दारात भक्तिभावाने बसून राहू लागला. शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर मी चपला मुद्दाम दर्शनी जागी काढल्या आणि सावकाश अकरा प्रदक्षिणा घातल्या. बाहेर आलो तेव्हा त्या जागच्या जागी चकाकत होत्या. शेजारी ठेवलेल्या कुणाच्या तरी रबरी स्लीपर मात्र गेल्या होत्या. पत्नीनेही त्याच दालनातून जोड घेतला होता, पण तिला तो एकदाही चावला नाही, आणि याचे कारण मी आजवर विचारलेले नाही.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी, दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या लावून, मी लंगडत तक्रार घेऊन गेलो. कारागिराने जोड उलटासुलटा केला, वाकवला, कान चिमटीत धरून पाहिला. मग चपला खाली ठेवून तो माझ्या पायांकडे बराच वेळ बघत राहिला.

"चपलेला काही झालेलं नाही, साहेब," तो म्हणाला. "कातडं आम्ही कमावलंय. पाय तुमचा तुम्ही कमवायचा."

तरीही त्याने दोन्ही चपला फर्म्यावर चढवल्या, अंगठ्याजवळ बोटभर तेल मुरवले आणि छोट्या हातोडीने हलके हलके ठोकायला घेतले. पैसे विचारले तर मान हलवली. मी बाकावर बसलो. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मिलानवाले गृहस्थ आधीच बसलेले होते. त्यांच्या मांडीवर त्यांचा जोड होता आणि पायांना माझ्यासारख्याच पट्ट्या.

काही वेळाने ते माझ्याकडे सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हाला शेवटी किती कमी केले?"

"दोनशे," मी म्हणालो.

"मलाही," ते म्हणाले.

कारागिराने मान वर केली नाही. हातोडीचा एक ठोका तेवढा चुकला.