चिमण्या आणि क्रॉस

अमळनेरात चिमण्या परत आल्या, ही बातमी गेल्या दिवाळीत आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर मीच टाकली होती. जीप फाटकाबाहेर काढली की चिवचिव सुरू. लोकांनी हात जोडले, मराठीच्या सरांनी चारोळी केली. बायको तेवढी म्हणाली, "अहो, तुम्ही स्पीड वाढवला की चिमण्यापण घाईघाईने ओरडतात. असं कसं?" निरीक्षण अचूक होतं. पण पंचवीस वर्षं फिजिक्स शिकवलेल्या माणसाला घरातलं निरीक्षण सहसा मान्य होत नाही.

जीप 1994 ची, फोर बाय फोर. तिला मी नवं हूड शिवलं, सीट कव्हरं घातली, एसटीला बाजूला सारेल असा हॉर्न बसवला. पोटाखाली मात्र कधी डोकावलो नाही. परक्याच्या पोटाखाली डोकावायचं नाही, असे संस्कार.

जानेवारीत बोरी नदीकाठच्या शेतात भरीत पार्टी ठरली. गाडीत दहा किलो वांगी, कळण्याच्या पुऱ्या, तेलाचा डबा आणि सासरची सात माणसं. स्टेअरिंगवर आमचे शालक. अख्खा डांबरी रस्ता त्यांनी फोर व्हीलचा दांडा ओढूनच कापला. "दाजी, पिकअप मस्त लागतो!" प्रत्येक वळणावर खालून 'टक्' यायचं, तेव्हा शालक रेडिओचा आवाज वाढवायचे. आवाजावरचा हा उपाय आमच्याकडे सर्रास चालतो.

शेताच्या काळ्या मातीत चाक रुतलं. त्यांनी पहिला टाकला, ॲक्सिलरेटर दाबला आणि 'खाडकन्'! मागचा शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणारी लोखंडी नळी, एका टोकाने निसटून चिखलात लोळत पडला. वांगी माझ्या मांडीवर आली.

आप्पा मिस्तरी मोटारसायकलवर आले, पोतं अंथरून खाली शिरले आणि तिथूनच विचारलं, "सर, ग्रीस कवय मारेल व्हतं?"

मी चिमण्यांचं सांगितलं.

"चिमणी कसानी, सर? क्रॉस मरी गया!"

त्यांनी माझ्या तळहातावर क्रॉसचा, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या फुलीसारख्या सांध्याचा, एक कप ठेवला. अंगठ्याच्या पेरात बसेल एवढी लोखंडी वाटी, आत सुयांएवढे रोलर. निम्म्यांचा भुगा झालेला. कडेला तांबूस पूड, अगदी कुंकवासारखी. ग्रीस संपलं, नाल्याचं पाणी शिरलं आणि सुया कोरड्याच घासत राहिल्या. ती घासण्याची चिवचिव मी दिवाळीभर कौतुकाने ऐकत होतो.

घरी आलो ते उलट्या वरातीने. आप्पांनी मागचा शाफ्ट काढून माझ्या पायाशी ठेवला, पुढची चाकं एक्सलला जोडणारे हब लॉक आहेत ना ते पाहिलं, दांडा फोर व्हीलवरच ठेवला. फक्त पुढची चाकं ओढत होती, मागची नुसती सोबतीला. सासरची माणसं बैलगाडीने आली. भरीत त्यांच्या गाडीत होतं, हे जास्त लागलं.

पुढे एका रात्री पुस्तक उघडलं आणि घाम फुटला. या सांध्याचं पाळण्यातलं नाव 'हूकचा सांधा'. स्प्रिंगवाला तोच हूक, ज्याचा 1678 चा नियम मी दरवर्षी अकरावीला फळ्यावर लिहितो! शाफ्ट तिरपा असला की या सांध्यापुढचा भाग एका फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश फिरतो. दुसऱ्या टोकाचा सांधा ही हेलकाव्याची चूक पोटात घालतो, पण शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या चिमट्यांचे, कान एका रेषेत असतील तरच.

हे वाचलं मी रविवारी रात्री. नवा क्रॉस टाकून शाफ्ट स्वतःच्या हाताने बसवला होता शनिवारी. काढताना खडूची खूण करायची असते, ती केली नव्हती. सोमवारी पारोळा रस्त्यावर साठच्या स्पीडला माझी कवळी आणि आरसा एका सुरात थरथरू लागले. साठला शाफ्ट मिनिटाला दोन हजारांवर फेरे घेतो. त्याच्या दुप्पट हिसके मी गंज चढलेल्या मणक्यावर झेलले. आप्पांनी स्लीपचे, म्हणजे शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या जोडाचे, दाते सोडवून शाफ्ट फिरवून बसवला. पैसे घेतले नाहीत. हसून घेतलं.

आता दोन शाफ्ट, चार क्रॉस, दोन स्लीप, ग्रीस भरायचे सहा निपल तोंडपाठ आहेत. महिन्याला लिथियम ग्रीसची गन घेऊन खाली शिरतो. क्रॉसच्या चारही कपांतून नवं ग्रीस डोकावेपर्यंत दाबायचं; एखाद्यातून आलं नाही तर तो कप दगा देणार. नाला ओलांडला तर त्याच संध्याकाळी पुन्हा. चाकांना दगड लावून, गिअर न्यूट्रल करून शाफ्ट हाताने हलवायचा. किंचित 'खट' झालं तरी क्रॉस बदलायचा. फोर व्हीलचा दांडा फक्त चिखलात. वळणावर पुढची चाकं जास्त रस्ता कापतात. मातीत ती घसरून हिशोब मिटवतात, डांबरावर तो हिशोब क्रॉसच्या डोक्यावर बसतो. शालकांना हे समजावलं. ते म्हणाले, "दाजी, तुम्ही फार विचार करता."

परवा पहाटे पुन्हा चिवचिव. मी लुंगी खोचली, गन घेतली, जीपखाली शिरलो. सहाही निपल भरले. छातीवर ग्रीस, केसांत ग्रीस. चिवचिव चालूच. शेवटी आप्पांना फोन लावणार, तोच बायको चहाचा कप घेऊन ओट्यावर आली. थोडा वेळ माझे पाय बघत उभी राहिली. मग मीटरच्या पेटीकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, गाडी बंद आहे."

पेटीवर चिमणी बसली होती.